घड्याळजींचे तीन खाडे

शनिवार, ८ फेब्रुवारी

आज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मला माझ्याच कामावरून काढण्यात आलं. वेळ भिंतीवरच्या घड्याळात पाहिली, मग मनगटावरच्या. एका मिनिटाचाही फरक नव्हता.

प्रकरण वाढणार आहे, म्हणून पहिल्यापासून लिहिते. 'हाक' म्हणजे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचा इंटरनेटवरचा अड्डा. सभासद एकसष्ट. अकरा वर्षांपूर्वी पोस्टमास्तरांनी निवृत्त झाल्यावर आपल्या मागच्या खोलीत एका जुन्या कॉम्प्युटरवर तो सुरू केला. त्या कॉम्प्युटरला सर्व्हर म्हणायचं. मशीन त्यांचं, शिस्त माझी. सकाळी सहा ते नऊ प्रत्येकाने हजेरीच्या पानावर 'हजर' लिहायचं, स्वतःच्या हाताने. नवाच्या ठोक्याला मी उरलेल्यांना फोन लावते. दहापर्यंत उचलला नाही तर त्यांच्या किल्लीवाल्याला. प्रत्येक सभासदाने आपल्या घराची दुसरी किल्ली जवळपास कुणाकडे तरी ठेवलेली आहे, आणि ती कुणाकडे आहे हे फक्त माझ्या वहीत आहे. आजवर अशी चार दारं उघडावी लागली. तीनदा माणूस हाताला लागलं. एकदा उशीर झाला.

तर आज मी हजेरीचं पान उघडलं आणि पडद्यावर ओळ आली, 'हे पान पाहण्याचा आपल्याला अधिकार नाही.'

पोस्टमास्तरांना फोन केला. ते बराच वेळ घसा साफ करत बसले. मग कळलं की आठ स्वयंसेवकांची टोळी सकाळची हजेरी आटोपल्यावर येऊन मशीन उचलून घेऊन गेली, आणि टोळीची म्होरकी माझीच भाची, धाकटीची मुलगी, जी नोकरीत दुसऱ्यांची मशीनं सांभाळते आणि आता फुकटात माझं सांभाळणार आहे. मास्तर म्हणाले, तुम्हाला आधी सांगायचं धाडस झालं नाही. पोस्टात चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या वाईट बातम्या पोचवल्या या माणसाने, आणि माझ्या एका बातमीला यांचे पाय लटपटले.

रविवार, ९ फेब्रुवारी

मास्तरांच्या मागच्या खोलीत सभा. ज्या टेबलावर मशीन होतं तिथे धुळीचा चौकोन उरलाय. मी मुद्दाम त्याच्या समोरच्या खुर्चीत बसले.

आठांपैकी एक दाढीवाला बोलायला उभा राहिला. तो माझ्याशी असं हळू आणि गोड बोलत होता जसं काही मी पायरीवर उभी आहे आणि ढकललं की पडेन. गेल्या वर्षी सर्व्हर दोनदा बंद पडला, दोन-दोन दिवस, आणि सभासदांना कुणी काही कळवलं नाही, असं त्याचं म्हणणं. मी कळवलं होतं. 'देखभालीसाठी बंद' असं लिहिलं होतं. मशीन का बंद पडलं ते मला ठाऊक नव्हतं, पण ते सगळ्यांना सांगत बसायची काय गरज? पासवर्ड कुठे ठेवता, असंही त्याने विचारलं. शिलाई मशीनच्या खणात, चिठ्ठीवर, मी म्हणाले. आठजण एकमेकांकडे पाहायला लागले. त्या खणाला कुलूप आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

मास्तर खाली मान घालून म्हणाले, मला पडदा दिसत नाही हो आता, अक्षरांच्या जागी मुंग्या दिसतात. हे त्यांनी डिसेंबरातही म्हटलं होतं. मला वाटलं, चष्म्याचा नंबर बदलला असेल.

शेवटी भाची म्हणाली, "मावशी, अकरा वर्षं तू एकटीने ओढलंस. आता पुरे की."

बैलाला म्हणतात तसं. मी म्हणाले, माझ्यात काही कमी दिसत असेल तर तसं स्पष्ट सांग.

"कमी नाही गं. तू आजारी पडलीस तर तुझी हजेरी कोण घेणार?"

मी आजारी पडत नाही, असं सांगून उठले. चहा तसाच ठेवला. बिस्किटंही मऊ पडलेली होती.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

नवा सर्व्हर सुरू. आता 'हजर' लिहायचं नाही. पान नुसतं उघडलं की नावापुढे आपोआप हिरवा ठिपका उमटतो. म्हाताऱ्यांच्या बोटांना त्रास नको म्हणून ही सोय, असं दाढीवाल्याने पानावर लिहिलंय.

कॉन्व्हेंटात सिस्टर हजेरी घ्यायच्या तेव्हा 'प्रेझेंट, सिस्टर' हे आपल्या तोंडाने म्हणावं लागे. मैत्रीण खिडकीबाहेर राहिली म्हणून सहावीत एकदा मी तिच्यासाठी आवाज बदलून म्हटलं. मैत्रिणीला काही झालं नाही. मला दिवसभर व्हरांड्यात उभं केलं. सिस्टर म्हणाल्या, खोटं बोललीस म्हणून नाही, ती कुठे आहे हे शोधायचा आमचा वेळ तू खाल्लास म्हणून. साठ वर्षं झाली, ते वाक्य विसरले नाही. पुढे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सुपरवायझर झाले तेव्हाही माझ्या हाताखालच्या मुलींना मी तेच सांगायची: समोरून आवाज आल्याशिवाय लाइन जोडलेली धरायची नाही.

ठिपक्याला आवाज असतो का? मग पानावरून बोट घसरलं तरी हजर, आणि मांजराने पंजा ठेवला तरी हजर.

हे सगळं मी पानावर लिहिलं. साधी सभासद म्हणून लिहिलं, कारण आता माझी लायकी तेवढीच आहे. खाली पहिलं उत्तर कुणाचं यावं? घड्याळजींचं. "सुपरवायझरबाई, नव्या मंडळींना एक संधी द्या. तुम्हीही जरा निवांत बसा."

हा माणूस गल्लीच्या तोंडाशी पन्नास वर्षं घड्याळं दुरुस्त करत बसला. बायको गेल्यावर 'हाक'वर आला आणि पहिल्या दिवसापासून माझ्याशी शर्यत लावली, सकाळची पहिली हजेरी कुणाची. मी सहाला एक मिनिट कमी असताना पान उघडून बसायची, तरी सहाच्या ठोक्याला त्यांचं 'हजर' माझ्या आधी. मग एकदा त्यांनीच फुशारकी मारली की टॅबलेटला असं काही लावून ठेवलंय की सहाला तो स्वतःच पान उघडतो, यांनी फक्त लिहायचं. 'हजर'च्या पुढे रोज एखादी ओळही असायची: आज हवा कोरडी आहे, सेकंदकाटे खुश. असलं काहीतरी.

आणि आज, आठ जणांच्या देखत, तोच माणूस मला निवांत बसायला सांगतो. उत्तर दिलं नाही. देणारही नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

मी माझी हजेरी सुरू केली. वही आहे, फोन आहे, अजून काय लागतं? काल सगळ्यांना कळवलं की ज्यांना माणसाने घेतलेली हजेरी हवी त्यांनी मला नवाच्या आत फोन करावा. सव्वीस फोन आले. वहीच्या पानाचा फोटो काढून सगळ्यांना पाठवला, आठजणांनाही. बघू दे.

भाचीचा सात वाजून दहाला निरोप: मावशी, उठलीस? हा तिने आता रोजचा नेम धरलाय. माझ्यावर पाळत ठेवते.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

फोन एकतीस. बाकीच्या तीस नावांपुढे रिकामी घरं. फोटोत ते फार वाईट दिसतं, दात पडलेल्या तोंडासारखं. म्हणून ज्यांचा ठिपका तिकडे हिरवा दिसतो त्यांच्यापुढे मीही बरोबरची खूण करते. बनवून लिहीत नाही, पाहून लिहिते. सगळ्यांना फोन लावायचा म्हटलं तर दुपार होईल, आणि त्यातले काहीजण माझ्याकडून फोन येण्याच्या लायकीचे राहिलेले नाहीत.

शनिवार, १५ फेब्रुवारी

भाची घरी आली. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या बोलणं झालं, कारण मी बस म्हटलं नाही. तिला किल्लीवाल्यांची यादी हवी होती. सगळं नव्या सर्व्हरवर चढवलं, म्हणाली, फक्त तेवढंच नाहीये.

मी म्हणाले, अर्ज कर. लेखी. कारण लिहून.

"मावशी, मला हवं तेवढं बोल. यादी दे फक्त. उद्या कुणाचं दार उघडायची वेळ आली तर आम्ही कुणाकडे जायचं?"

माझ्याकडे, मी म्हणाले. म्हणून तर ती माझ्याकडे आहे.

तिने माझा गॅसचा लायटर हातात घेतला, दोनदा वाजवून पाहिला, पेटत नाही म्हणाली आणि पर्समध्ये टाकून घेऊन गेली. आता लायटरही ताब्यात. संध्याकाळी शेजारणीकडून काड्यापेटी आणावी लागली.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

घड्याळजींनी आज सकाळी लिहिलं: "हजर. सुपरवायझरबाईंचा राग किती दिवस चालतोय! त्याला चावी कुणी दिली ते शोधतोय." लोकांनी खाली हसण्याची चित्रं टाकली. मीही वाचून हसले, म्हणजे हसू आलं, पण ते मी माझ्यापाशी ठेवलं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

घड्याळजी सहाला हजर. ठिपका आहे, शब्द नाही. रोजची ओळ नाही, टोमणासुद्धा नाही. समजले. मी उत्तर देत नाही म्हणून तेही बोलणार नाहीत. नका बोलू. मी खूण केली आणि फोटो पाठवला. एकसष्टपैकी अठ्ठावन्न.

गुरुवार, २० फेब्रुवारी

पुन्हा सहाच्या ठोक्याला नुसता ठिपका. एवढी ताठ मान मी एक्स्चेंजच्या बड्या साहेबाचीही पाहिली नव्हती. खूण केली.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

ठिपका. शब्द नाही.

साडेनऊला त्यांचा नंबर फिरवायला घेतला. चार आकडे फिरवले आणि रिसीव्हर खाली ठेवला. हजर असलेल्या माणसाला काय म्हणून फोन करायचा? म्हणतील, बाई, तुमच्याच वहीत मी हजर आहे की. तो आनंद मी त्यांना का द्यावा.

खूण केली.

शनिवार, २२ फेब्रुवारी

सात चाळीसला फोन. भाची. आज 'उठलीस का' नाही, काही नाही. घड्याळजींचा ठिपका आज उमटला नाही, ते फोनही उचलत नाहीत, त्यांची किल्ली कुणाकडे, असं एका दमात. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी म्हणाले, दुकानाशेजारचा चष्मेवाला. अर्जाबिर्जाचं काही बोलले नाही. वही उघडायचीही गरज पडली नाही. एकसष्टच्या एकसष्ट मला पाठ आहेत.

आठ वाजून पाच मिनिटांनी दार उघडलं. कामाचं बाक आणि पलंग यांच्या मधल्या फटीत पडले होते. खुब्याचं हाड मोडलंय. मंगळवारी रात्री जेवण झाल्यावर पडले. मंगळवारी. पिण्याच्या पाण्याची बाटली त्यांच्याबरोबरच खाली आली म्हणून जगले, असं डॉक्टर म्हणाले.

आणि बाकावर तो टॅबलेट. रोज सहाला स्वतःच पान उघडत होता. पान उघडलं की हिरवा ठिपका. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. शुक्रवारी केव्हातरी त्याची बॅटरी संपली म्हणून आज सर्वांना कळलं.

रविवार, २३ फेब्रुवारी

झोप नाही. सकाळी पानावर लिहिलं, आणि काही हातचं राखलं नाही. तुमच्या मशीनने एका पडलेल्या माणसाची तीन दिवस खोटी हजेरी लावली. ज्याला आवाज नाही त्याला तुम्ही साक्षीदार केलंत. आठजण मिळून एक फोन करू शकला नाहीत. दाढीवाल्याने खाली लिहिलं की चूक आमची आहे, ठिपका कालच बंद केला, पुन्हा हाताने 'हजर' लिहायचं. त्याने कारणं दिली असती तर मला बरं वाटलं असतं. ज्याच्याशी भांडायला जावं त्याने आधीच मान खाली घातली तर आपण हात कुठे ठेवायचे?

दुपारी भाचीचा फोन. आवाज चढलेला नव्हता. माझ्या बहिणीचा चढायचा, हिचा नाही चढत.

"मावशी, एकच विचारते. एकोणीस, वीस, एकवीस. तुझ्या वहीच्या फोटोत ते तिन्ही दिवस हजर आहेत. तू कशावरून धरलंस?"

मी फोन ठेवला. लाइन खराब होती.

सोमवार, २४ फेब्रुवारी

वही काढली. तीन खुणा. निळी शाई, माझा हात, शेपूट जरा वर जातं तसं. खोडरबर शाईवर चालत नाही, पान फाडलं तर मागचंही सुटतं. असा विचार मी केला हे इथे लिहून ठेवते, कारण इथे खोटं लिहायचं तर दैनंदिनी लिहूच नये.

शुक्रवारी मी चार आकडे फिरवले होते. उरलेले सहा.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

इस्पितळात गेले. चार खाटांची खोली, खिडकीपाशी ते. भाची आधीच तिथे, त्यांचं सूप चमच्याने हलवत गार करत होती. मला खुर्ची दिली आणि बाहेर गेली. खुर्ची दिली म्हणून काही विसरले असं नाही.

माणूस अर्धा झालाय. दाढी वाढलेली. पण मला पाहून पहिलं काय केलं, तर मनगटाकडे पाहिलं, आणि घड्याळ काढून ठेवलंय हे लक्षात आल्यावर मला वेळ विचारली. चार वाजून वीस. म्हणाले, भेटीची वेळ चारची, उशीर केलात.

बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. पडल्यावर टॅबलेट बाकावर दिसत होता, हात पोचत नव्हता. सहाला त्याचा उजेड पडायचा, तेव्हा सकाळ झाली हे कळायचं. ओरडायचा प्रयत्न केला, पण दुकानाच्या शटरपलीकडे जाईल एवढा आवाज राहिला नव्हता. घरातला फोन पलंगाच्या उशाशी, तोही लांब. पण त्याची घंटा ऐकू आली असती, म्हणाले.

"बुधवारी नऊ वाजल्यावर मी मोजायला लागलो. म्हटलं, आता बाई फोन करतील. राग असला तरी करतील. दहापर्यंत मोजलं. मग गुरुवारी."

मी सुपाचा वाडगा त्यांच्या जवळ सरकवला.

मग त्यांनी हसल्यासारखं केलं. "तीन खाडे पडले ना माझे? अकरा वर्षांत एकही नव्हता."

"पडले," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. समाधान वाटल्यासारखी. कुणीतरी नोंद ठेवली होती, असं वाटलं असणार.

बाहेर भाची व्हरांड्यात उभी होती. तिने पर्समधून लायटर काढून दिला. दुरुस्त करून आणलाय. मी घेतला. आभार मानले नाहीत, कारण तो माझाच होता.

बुधवार, २६ फेब्रुवारी

पत्र लिहिलं. पाठवण्याआधी इथे उतरवून ठेवते.

'हाक'चे आठ स्वयंसेवक यांस,

दिनांक ८ फेब्रुवारी रोजी दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी तुम्ही माझ्याकडून हजेरी काढून घेतलीत. ती काढून घेणं चूक होतं, असं माझं म्हणणं होतं आणि आहे. मला न विचारता घेतलीत, तो तर निव्वळ उद्धटपणा. त्याबद्दल माफी मागितली तरी मी ती लगेच स्वीकारेन असं समजू नये.

तुमच्या ठिपक्याने दिनांक १९, २० आणि २१ रोजी घड्याळजींना हजर दाखवलं. ते त्या तिन्ही दिवशी जमिनीवर होते. ठिपका बंद केलात, एवढ्याने भागत नाही. ज्याच्या हाताने 'हजर' आलं तो माणूस आज बोलता-चालता आहे का, हे रोज कोण पाहणार, किती वाजता पाहणार आणि त्या माणसाचं नाव काय, हे मला हवं आहे. मशीनचं नाव चालणार नाही. आठजणांचं मिळून एक नावही चालणार नाही.

सोबत किल्लीवाल्यांची यादी जोडली आहे. एकसष्टच्या एकसष्ट. कुणी लेखी अर्ज केलेला नाही, याची नोंद घ्यावी.

सोबत माझ्या वहीच्या तीन पानांचे फोटोही जोडले आहेत. तुम्ही ते आधी पाहिलेले आहेत. त्या तीन तारखांना घड्याळजींच्या नावापुढे ज्या खुणा आहेत त्या माझ्या आहेत. फोन न करता, तुमच्या ठिपक्यावरून उतरवलेल्या. नवा हजेरीपट कराल तेव्हा तुमच्या पटावर आणि माझ्या वहीत, दोन्हीकडे, त्या तीन दिवशी त्यांचे खाडे लागावेत. तसे लागले आहेत असं मी त्यांना सांगितलेलं आहे, आणि त्यांना पुन्हा कुणी खोटं पाडू नये. माझ्या वहीतले मी आज लाल शाईने लावले.

एक खाजगी बाब. रोज सकाळी सात वाजून दहाला मला 'उठलीस का' असं विचारणाऱ्या व्यक्तीने यापुढे ते निरोप पाठवून विचारू नये. फोन करावा. समोरून माझा आवाज आल्याशिवाय मला हजर धरू नये.

वरील प्रत्येक मुद्द्याचं उत्तर लेखी, सहीनिशी, माणसाने लिहिलेलं, रविवार, २ मार्च रोजी सकाळी सहाच्या आत माझ्या हाती पोचलं पाहिजे. सहा म्हणजे सहा. त्या वेळी मी वही उघडून बसलेली असेन.